विस्थापन शून्य

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला नातेवाईक जेव्हा म्हणतो, "रविवारी पबमध्ये जेवायला जाऊ या," तेव्हा लगेच खूश होऊ नये. आधी विचारावं, "चालायचं किती?"

माझा मेहुणा पूर्वी असा नव्हता. सदाशिव पेठेत असताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून जिरं आणायलासुद्धा तो स्कूटर काढायचा. पुढे नोकरीनिमित्त हाय विकमजवळ राहायला गेला आणि तिथल्या हवेत काय आहे कोण जाणे, त्याचे पाय सुटले ते सुटलेच. आता त्याच्या घरात देव्हारा एक आणि चालायच्या काठ्यांच्या जोड्या चार. बुटांना लावायचं मेण आहे, पोटऱ्यांना बांधायचे गेटर आहेत, गळ्यात अडकवायची शिट्टीही आहे.

"शिट्टी कशाला?" मी विचारलं.

"संकटात सापडलो तर, भाऊजी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा. कोणीतरी येतं."

"आपण जेवायलाच चाललोय ना रे?" बायकोने त्याला विचारलं.

"जेवायलाच ताई. जरा फिरून."

हे 'जरा फिरून' प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. सकाळी साडेदहाला आमच्या गाड्या पबच्या आवारात लागल्या. पब म्हणजे विटा आणि चकमकीच्या दगडांची बुटकी इमारत, दाराशी फुलांच्या टोपल्या, वर धुराडं आणि धुराड्यातून धूर. आत कोणीतरी बटाटे भाजत होतं. बाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं: रोस्ट बीफ, यॉर्कशर पुडिंग, जेवण १२ ते २.३०. म्हणजे पोचलोच होतो. जिथे जायचं ते ठिकाण समोर होतं, वासही येत होता, फक्त दीड तास तिथल्या बाकावर बसून काढायचा होता. पण आमची मंडळी त्या दाराकडे पाठ करून उभी राहिली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि चालू लागली. पाच मैलांचा वळसा घालून परत त्याच दाराशी यायचं होतं.

आपल्याकडेही गोल चालतात, नाही असं नाही. पण आपल्या प्रदक्षिणेत देव मध्यभागी असतो, त्यामुळे चालणाऱ्याला कुठूनही दिसतो आणि धीर राहतो. इथे देव परिघावर. पहिल्या दहा पावलांत तो दिसेनासा होतो आणि पुन्हा दिसेपर्यंत वर्तुळ पुरं झालेलं असतं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की जिथून निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य, आणि विस्थापन शून्य तर कार्य शून्य. हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण भूक लागते ना?" आता भूक मला निघतानाच लागली होती, पण ती इथे हिशेबात धरत नाहीत. इंग्रज माणसाला बिअरचा पहिला घोट आयता घेतला तर घशाखाली उतरत नसावा. आधी चिखल, मग काटे, मग पाऊस, मग बिअर. आपण सिंहगडावर पिठलं-भाकरीसाठी चढतो, पण भाकरी वर असते म्हणून. ती पायथ्याशीच मिळाली असती तर निम्मं पुणं गडाकडे बघत पायथ्याशीच जेवलं असतं.

आमच्या जथ्यात मेहुण्याचे काही इंग्रज मित्र होते. एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांच्याकडे नकाशा होता. एक बाई, ज्यांच्याकडे कुत्रा होता. आणि एक जोडपं, ज्यांच्याकडे दोघांत मिळून एक मोबाइल होता. त्यात रस्ता दिसत असूनही तो बाहेर काढायची त्यांना चोरी होती, कारण हेडमास्तरांच्या मते फोन बघून चालणं म्हणजे कॉपी करणं.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, एक्सप्लोरर १७१, केशरी कव्हरचा. एक किलोमीटरला चार सेंटिमीटर. या खात्याचा जन्म १७९१चा. फ्रेंच चढाई करून येतील या धास्तीने सरकारने तोफखान्याच्या लोकांकडून दक्षिण किनारा मोजायला घेतला, त्यातून हे निघालं. फ्रेंच आलेच नाहीत. नकाशे मात्र उरले आणि आता त्यांवर निळ्या रंगात बिअरचा मग काढून पब दाखवतात. चर्चला टोकदार कळस असेल तर गोलावर क्रूस, चौकोनी मनोरा असेल तर चौकोनावर क्रूस. इतकी बारीक नोंद ठेवणारी ही जमात. १८०२ साली हिनेच मद्रासपासून साखळ्या टाकत आमचा अख्खा हिंदुस्थान मोजायला काढला. आणि तिचे वारसदार, आमचे हेडमास्तर, पंधराव्या मिनिटाला एका शेताच्या कडेला उभे राहून विचारत होते, "इथे एक फाटक असायला हवं होतं. कोणी फाटक पाहिलं का?"

निघायच्या आधी त्यांनी आम्हाला वेळेचं गणितही सांगितलं होतं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम: तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमचे पाच मैल, चढ सहाएकशे फूट, म्हणजे साधारण दोन तास. बारा-साडेबारापर्यंत ताटावर. नेस्मिथसाहेबांच्या नियमात एक गोष्ट धरलेली नाही: माझी बायको. ती दर रानफुलाजवळ थांबते, "हे आपल्याकडे असतं का हो?" असं मला विचारते, मी "असतं" म्हणालो की "नाही, वेगळं आहे" म्हणते आणि त्याचा फोटो काढते.

खरा धक्का मला पुढे बसला. वाट सरळ एका गव्हाच्या शेतात शिरली. बांधावरून नव्हे, उभ्या पिकाच्या मधोमध! मी जागीच थांबलो. आमच्या गावी कोणाच्या उभ्या पिकातून असं सहकुटुंब सहपरिवार चालत गेलो असतो, तर पबपर्यंत काय, घरापर्यंतही धड पोचलो नसतो.

"चला भाऊजी, सार्वजनिक वाट आहे," मेहुणा म्हणाला. "हक्क आहे आपला."

इथे वाटेवरून जायचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. जमीन विकली तरी वाट सुटत नाही. १९४९च्या कायद्याने अशा वाटा कागदावर पक्क्या करायचं काम कौन्सिलांना लावून दिलं. शेतकऱ्याने पेरणीसाठी वाट नांगरली तर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. आणि हे काही कोणी खुशीने दिलेलं नाही. १९३२च्या एप्रिलमध्ये डर्बीशरात किंडर स्काउटच्या माळावर शेकडो तरुण मुद्दाम जमीनदाराच्या हद्दीत शिरले, रखवालदारांशी झटापट झाली आणि त्या भानगडीत पाच जण तुरुंगात गेले. हे ऐकून मला त्या तरुणांबद्दल आदर वाटला. पण चिखलाने दोन्ही बूट अडीच-अडीच किलोंचे झाल्यावर असंही वाटून गेलं की तुरुंगात निदान वेळेवर जेवण देत असतील.

कारण इथल्या चिल्टर्न टेकड्यांमधला चिखल हा स्वतंत्र विषय आहे. खाली खडू, वर चिकणमाती, मध्ये चकमकीचे दगड. पाय टाकला की माती धरून ठेवते, ओढून काढला की बूट मागे राहतो. मला मेहुण्याने त्याचे जुने गमबूट दिले होते, एक नंबर मोठे. त्यामुळे एका ठिकाणी मी पुढे गेलो, बूट जिथल्या तिथे राहिले आणि मी मोज्यांवर दोन पावलं टाकल्यावरच ते माझ्या लक्षात आलं. हेडमास्तर वळून म्हणाले, "अगदी थोडा ओलावा आहे आज." त्यांच्या पॅंटचा रंग तोवर गुडघ्यापर्यंत बदललेला होता.

दर शेताच्या शेवटी एक अडथळा. कधी कुंपणावर आडव्या मारलेल्या दोन फळ्या, ज्यांच्यावर चढून पलीकडे उतरायचं. कधी अर्धगोल कठड्यात झुलणारं किसिंग गेट, ज्यातून एका वेळी एकच माणूस जातो. गुरांना जाता येऊ नये आणि माणसाला जाता यावं, अशा मापाने ते बनवलेलं असतं. मी त्यात पाठीवरच्या पिशवीसकट शिरलो आणि माप नेमकं कोणत्या बाजूने चुकलं हे मला कोणी सांगितलं नाही. मागून मेहुणा म्हणाला, "पोट आत घ्या." पुढून बायको म्हणाली, "पिशवी काढा." कुत्रा माझ्या पायांमधून आरामात निघून गेला आणि पलीकडे बसून माझी वाट बघू लागला.

मग गाई आल्या. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मध्येच बसलेल्या गाईला रिक्षावाला वळसा घालतो, ती मानही हलवत नाही. गाय म्हणजे बसलेली वस्तू, अशी माझी समजूत. या गाई उभ्या होत्या आणि आम्हाला बघून आमच्याकडे येत होत्या. त्यांच्या मागे त्यांच्याहून बराच थोराड असा एक इसम होता.

"तो वळू आहे का रे?" मी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं.

"असला तरी काळजी नाही," मेहुणा म्हणाला. "१९८१चा कायदा आहे. दुभत्या जातीचा वळू दहा महिन्यांपेक्षा मोठा असेल तर वाटेच्या शेतात सोडता येत नाही."

"आणि दुभत्या जातीचा नसेल तर?"

"तर चालतो. पण सोबत गाई असायला हव्यात. गाई असल्या की तो शांत असतो."

"सगळेच असतात," बायको म्हणाली.

लांबून वळूची जात ओळखायची कशी, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नसावं. मी हेडमास्तरांच्या मागे गेलो, हेडमास्तर कुत्र्याच्या बाईंच्या मागे गेले आणि कुत्र्याच्या बाईंनी कुत्रा उचलून घेतला. अशा शिस्तबद्ध रांगेत, कोणालाही घाई नाही असं दाखवत, आम्ही ते शेत इतक्या वेगाने पार केलं की नेस्मिथसाहेबांनी नियम बदलला असता.

पुढे बीचच्या झाडांचं जंगल लागलं. सुंदर जंगल, यात वाद नाही. सरळसोट खोडं, वर कोवळा हिरवा उजेड, खाली तांबूस पानांचा थर. मेहुण्याने सांगितलं की इथे पूर्वी बॉजर लोक झाडाखाली पाल ठोकून पायाने चालवायच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातायचे आणि ते पाय हाय विकमच्या कारखान्यांत जायचे. तिथे त्यांच्या खुर्च्या व्हायच्या. म्हणजे इंग्लंडभरच्या बुडांची सोय या जंगलाने केली आणि मला टेकायला तिथे एक ओंडका सापडू नये! सापडला तो ओला होता. मी बसलो. उठल्यावर बायको म्हणाली, "आता पुढे चालू नका, सगळ्यांच्या मागून या."

जंगलात झाडांच्या खोडांवर पांढऱ्या रंगाने बाण काढलेले असतात. स्वयंसेवक हौसेने काढतात. आम्ही बाणामागून बाण चालत गेलो आणि पाऊण तासाने झाडीबाहेर आलो तेव्हा समोरच्या टेकडीवर एक पांढरी पवनचक्की दिसली. टर्व्हिल गावावरची कॉबस्टोन मिल. 'चिट्टी चिट्टी बँग बँग' या १९६८च्या सिनेमात होती ती. सगळ्यांनी कौतुक केलं. आणखी अर्ध्या तासाने तीच पवनचक्की डावीकडे दिसली. परत कौतुक झालं, जरा कमी. मग ती पाठीमागे दिसली तेव्हा कोणीच काही बोललं नाही.

इथे मला एक शोध लागला. चुकलो, असं कोणी म्हणत नाही. हेडमास्तर थांबत, काठीवर हनुवटी टेकत आणि म्हणत, "काय देखावा आहे!" मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून नकाशा बघत. देखाव्याचं कौतुक जितकं लांबेल तितके आम्ही जास्त चुकलेले, हे प्रमाण शेवटपर्यंत टिकलं. एका ठिकाणी तर समोर नुसती एक पत्र्याची शेड होती आणि ते तिच्याकडे भारावून बघत राहिले. माझी युक्ती याहून वेगळी नव्हती. मला धाप लागली की मी आकाशाकडे बोट करून म्हणायचो, "तो बघा पक्षी." सुदैवाने तिथे पक्षी कायम असतो. तांबड्या घारी इंग्लंडमधून पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आणि आता मान वर केली की दोन तरी घिरट्या घालताना दिसतातच. सुरुवातीला त्यांचं कौतुक वाटलं. एक वाजल्यानंतर त्या नेमक्या माझ्याच डोक्यावर का आहेत, असा प्रश्न पडू लागला. घारी मेलेलंच खातात, असं मेहुण्याने मला धीर द्यायला सांगितलं.

वाटेत समोरून माणसं यायची. सगळ्यांच्या अंगावर रेनकोट, नाकावरून पाणी ओघळतंय, आणि म्हणायचं काय, तर "सुरेख दिवस!" आमच्यातले म्हणायचे, "फारच!" पब किती लांब आहे, असं विचारलं की प्रत्येक जण "आता आलंच" म्हणायचा. ही एक बाब मात्र अगदी आपल्याकडच्यासारखी निघाली. वेल्ह्याच्या वाटेवर म्हातारी 'ह्ये काय टेपाडापल्याड' म्हणते तेव्हाही पुढे दोन डोंगर असतात.

भुकेच्या भरात जेवणाच्या गप्पा सुरू झाल्या. मेहुणा मला 'प्लाउमन्स लंच' खिलवणार होता. नांगरणाऱ्याचं जेवण: पाव, चीजचा तुकडा, व्हिनेगरमधला कांदा. शतकानुशतकं शेतकरी म्हणे हेच खात आलाय. खात असेलही. पण हे नाव पबांच्या पाटीवर चढलं ते १९५०च्या दशकात, चीज खपावं म्हणून चीजवाल्यांनी केलेल्या जाहिरातींमुळे. ही माहिती हेडमास्तरांनीच दिली आणि मग स्वतःच खिन्न झाले. मला त्याचा इतिहास नको होता, कांदा हवा होता. बायकोच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, हे तिला आणि मला ठाऊक होतं. पण सात माणसांत नऊ पुऱ्या काढायच्या कशा, म्हणून आम्ही दोघं परत एकदा रानफूल बघायला मागे थांबलो. बराच वेळ बघितलं. आम्ही पुढे गेलो तेव्हा कुत्रा आमच्या हातांचा वास घेऊ लागला आणि त्याने शेवटपर्यंत आमची पाठ सोडली नाही.

पबच्या दाराशी पोचलो तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"स्वयंपाकघर अडीचला बंद झालं," गल्ल्यामागची मुलगी अतिशय गोड हसून म्हणाली. इंग्लंडमध्ये नाही म्हणताना फार गोड हसतात. "पेयं आहेत. आणि क्रिस्प्स."

आतली पद्धत अशी की वेटर टेबलाशी येत नाही. आपण गल्ल्याशी जाऊन उभं राहायचं. रांग दिसत नाही, पण असते. ती प्रत्येकाच्या डोक्यात असते आणि चुकत नाही. मुलीने "पुढचं कोण?" म्हटलं की इंग्रज माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा पहिल्याकडे दाखवतो, आणि ही आपुलकी चालू असताना मुलगी ग्लास पुसत राहते. आमच्या आधीच्या दोघांची आपुलकी संपायला इतका वेळ लागला की मी मध्येच "एक पाइंट" म्हणून टाकलं. सगळा पब माझ्याकडे बघू लागला. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. बिअर हातपंपाने उपसलेली, तळघरातल्या बारा अंशांची, फेस नसल्यातच जमा. कोमट नाही आणि गारही नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांनी कढीसुद्धा पाइंटभर दिली असती तरी मी उभ्या उभ्या प्यायलो असतो.

कुत्र्याची मात्र सोय चोख झाली. आल्या आल्या पाण्याचा वाडगा, टॉवेल, आणि गल्ल्यावरच्या बरणीतून हाडाच्या आकाराची दोन बिस्किटं. आमच्यासाठी क्रिस्प्सची पाकिटं उभी फाडून टेबलाच्या मधोमध पसरली. सात जणांनी त्यातून एकेक काप सभ्यपणे उचलायचा असतो. शेवटचा काप कोणीच उचलत नाही. तो तिथे तसाच राहिला. मी त्याच्याकडे आणि बरणीकडे आळीपाळीने बघत होतो.

तेवढ्यात मला तो गृहस्थ दिसला. शेकोटीशेजारची खुर्ची, पायांत स्वच्छ बूट, पुढ्यात रोस्ट बीफची रिकामी बशी. बशीच्या कडेला यॉर्कशर पुडिंगचा एक तुकडा त्याने पोट भरलं म्हणून ठेवून दिलेला. हातात पेपर, चेहऱ्यावर शांती. तो कुत्र्याच्या बाईंचा नवरा निघाला. बारा वाजता गाडीने थेट आला होता.

आमची मंडळी त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला ओळखीची होती. उपासाच्या दिवशी घरातल्या न करणाऱ्याकडे बघतात ती. मी माझा ग्लास घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"आपण चालायला आला नाहीत?"

"गुडघा," तो म्हणाला आणि आदराने आपल्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं.

"फार दुखतो?"

त्याने बायको कुठे आहे ते पाहून घेतलं आणि पेपरआडून हळूच म्हणाला, "फक्त रविवारी."

तिकडे टेबलावर हेडमास्तरांनी ओला नकाशा पसरला होता आणि पुढच्या रविवारची वाट बोटाने दाखवत होते. सात मैल. वेगळा पब, इथल्यापेक्षा चांगला, स्वयंपाकघर दोनलाच बंद होतं म्हणून जरा लवकर निघायचं. मेहुणा उत्साहाने म्हणाला, "भाऊजी आणि ताई आहेतच."

त्या रात्री झोपायच्या आधी मी पलंगाच्या काठावर बसून उजवा गुडघा दाबत जरा कण्हलो. बायको केस विंचरत होती. आरशातूनच म्हणाली, "गुडघा मी येताना गाडीतच सांगून टाकलाय त्याला. तुम्ही कंबर बघा."